आधी कोणाक?

“मगे आंग आधी कोणाक मारतला? तुझ्या त्या व्हायरसाक, की गाठीक?”

मामाने हे विचारलं तेव्हा तळाशिलच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणं चाललं होतं. पाऊस संपून पाणी निवळलं होतं, पण ऑक्टोबरचं ऊन असं की वाळू सकाळीच तळपायाला लागत होती. दोन्ही दोरांवर माणसं कमरेतून वाकून एक एक पाऊल मागे येत होती. ओला दोर त्यांच्यामागे वाळूत पडत होता आणि एक पोरगा त्याची वेटोळी घालत होता. मामाच्या गुडघ्यांनी आता दोर ओढणं सोडलंय, पण रापणीत त्याचा वाटा आहे, त्यामुळे जाळं लागलं की तो किनाऱ्यावर हजर असतो. त्याच्या शेजारी उभी राहून मी त्याला माझं काम सांगत होते. कर्करोगाच्या पेशींतच वाढेल असा व्हायरस तयार करतात, तो गाठीत टोचतात, तो तिथे वाढतो, पेशी फोडतो आणि पुढच्या पेशींत शिरतो. आणि शरीराची प्रतिकारशक्ती या सगळ्यात काय करते, त्याची समीकरणं आम्ही मांडतो.

“दोघांनाही मारते,” मी म्हटलं.

“ता माका कळला गो. पण आधी कोणाक?”

मी काहीतरी सांगितलं. गाठ कुठली, व्हायरस कुठला, यावर ते ठरतं, असं. तो ऐकत होता, पण नजर दोरांवर होती. मग एकदम उजवीकडच्या माणसांवर ओरडला, त्यांनी हात आखडते घेतले, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “एका बाजून घाई झाली, काय मासो दुसऱ्या बाजून सुटता.” त्याने हे मला उद्देशून म्हटलं की नुसतं रापणीबद्दल, ते मला माहीत नाही. पुण्याला परतल्यावर कितीतरी दिवस तो प्रश्न माझ्या डोक्यात होता. आमच्या विषयातले लोक जो प्रश्न पानंच्या पानं समीकरणं मांडून विचारतात, तो त्याने दोन शब्दांत विचारला होता. आणि त्यामागे कुतूहलापेक्षा बरंच काही होतं.

मामीला स्तनाचा कर्करोग झाला होता. परळच्या वाऱ्या, मग ऑपरेशन, मग किमो. त्या काळात घरात थर्मामीटर देवाच्या फळीवर, तेलाच्या बाटलीशेजारी असायचा. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर रात्र असो की दिवस, थेट हॉस्पिटल गाठायचं, असं डॉक्टरांनी बजावलेलं. किमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली येतात, अशा वेळी साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. मामाला इंग्रजी वाचता येत नाही, पण तो आकडा त्याला पाठ होता. मामीला झोप लागली की तो तिच्या कपाळाला हात लावून बघायचा, मग स्वतःच्या कपाळाला, मग पुन्हा तिच्या. आणि आता भाची येऊन सांगत होती की या नव्या उपचारात रुग्णांना ताप येतो, थंडी वाजते, आणि पुष्कळदा ती प्रतिकारशक्ती जागी झाल्याची खूण असते.

मामी चुलीपाशी बसून हे ऐकत होती. ती म्हणाली, “ताप इलो तर घाबराचा की नाय, ता एकदा काय ता ठरवा.”

मी तिला लगेच सांगितलं की हे व्हायरसचं औषध तिच्या आजाराचं नाही, आणि ताप आला तर तिने आजही डॉक्टरांकडेच जायचं. टी-व्हेक नावाचं जे औषध अमेरिकेत २०१५ साली मान्य झालं, ते मेलानोमाचं, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाचं. मूळ व्हायरस तोच, ज्याने ओठांवर पाणी भरलेले फोड येतात. त्याची दोन जनुकं काढून टाकली आणि प्रतिकारपेशींना हाक मारणारं एक घातलं. त्याआधी २००५ मध्ये चीनने डोक्या-मानेच्या कर्करोगासाठी एक अॅडेनोव्हायरस मान्य केला होता, आणि २०२१ मध्ये जपानने मेंदूतल्या गाठीसाठी एक. यादी अशी छोटीच आहे. पण त्यामागची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०४ मध्ये जॉर्ज डॉक या अमेरिकन डॉक्टरने रक्ताच्या कर्करोगाच्या एका बाईची हकीकत छापली होती. इन्फ्लुएंझासारख्या तापानंतर तिच्या रक्तातल्या वाढलेल्या पेशी काही काळ खाली आल्या. १९७१ साली युगांडातल्या एका मुलाला गोवर आला आणि त्याच्या लिम्फोमाची गाठ विरली. अशा हकीकती वाचताना मला नेहमी दोन गोष्टी एकदम वाटतात. एक म्हणजे हे खरंच घडलं, याचा आनंद. आणि दुसरी म्हणजे ज्यांना ताप आला आणि गाठ तशीच राहिली, त्यांची हकीकत कोणी छापली असेल, ही शंका. ते असंख्य असणार.

आता मामाच्या प्रश्नाकडे येते.

आमच्या मॉडेलमध्ये सगळ्यात साध्या रूपात चार ओळी असतात. पहिली ओळ व्हायरस अजून न शिरलेल्या कर्करोगपेशींची: त्या किती वेगाने वाढतात आणि व्हायरसमुळे किती कमी होतात. दुसरी, व्हायरस शिरलेल्या पेशींची. तिसरी, मोकळ्या व्हायरसची: एक पेशी फुटली की किती बाहेर पडतात आणि किती नष्ट होतात. चौथी प्रतिकारपेशींची, ज्या लागण झालेल्या पेशी बघून वाढतात आणि त्यांना मारतात. प्रत्येक ओळ म्हणजे पुढच्या क्षणी ती संख्या किती बदलेल याचा हिशेब. ओळी एकमेकींत अडकलेल्या असल्यामुळे एकीतला एक आकडा हलवला की चारही वक्र हलतात. मी हे अनेक वर्षं करते आहे आणि अजूनही पहिला ग्राफ पडद्यावर उमटताना माझा श्वास जरा अडकतो.

या समीकरणांतून काही गोष्टी अशा निघतात की ज्या नुसत्या विचाराने सुचल्या नसत्या. डॉमिनिक वोडार्झ यांनी २००१ मध्ये या विषयावरचं एक पायाभूत मॉडेल मांडलं. वरवर पाहता जो व्हायरस पेशीला सर्वांत झटपट मारतो तो सर्वांत चांगला. गणित म्हणतं, नाही. पेशी फार लवकर मेली तर तिच्यातून पुढच्या पेशींना लागण व्हायला वेळच मिळत नाही, आणि साथ गाठीच्या एका कोपऱ्यात विझते. फार हळू मारली तर गाठ वाढतच राहते. मधे कुठेतरी एक वेग असतो, जिथे गाठ सगळ्यात लहान होते. आणि प्रतिकारपेशी लागण झालेल्या पेशी मारतात, म्हणजे त्याही याच वेगात भर घालतात. म्हणून त्या कधी मदतीच्या ठरतात, कधी आड येतात. पेशी त्याच, त्यांचं कामही तेच.

मी एकदा फक्त एक आकडा बदलत बसले होते: प्रतिकारपेशी लागण झालेली पेशी किती चटकन ओळखतात, तो. आकडा अगदी लहान ठेवला की व्हायरस गाठीत भराभर पसरायचा, गाठ खाली यायची, मग शिरायला पेशीच उरायच्या नाहीत म्हणून व्हायरसही कमी व्हायचा, आणि वाचलेल्या पेशी पुन्हा वर डोकं काढायच्या. लाटांसारखा वर-खाली जाणारा वक्र. आकडा मोठा केला की व्हायरस पसरण्याआधीच संपायचा आणि गाठ जणू काही झालंच नाही अशी वर जायची. मग मी पाचवी ओळ घातली, गाठीलाच ओळखणाऱ्या टी-पेशींची, म्हणजे प्रतिकारपेशींच्याच एका प्रकाराची. कर्करोगपेशी फुटते तेव्हा तिच्या आतले तुकडे बाहेर सांडतात, ते उचलून दुसऱ्या पेशी लसिकाग्रंथीत नेतात, तिथे टी-पेशी शिकतात आणि वाढतात. याला दिवस लागतात, तासांत होत नाही. या ओळीनंतर सगळं चित्र पालटलं. पहिल्या काही दिवसांत जोरदार प्रतिकार आला तर व्हायरस मरतो, पुरेशा पेशी फुटत नाहीत, टी-पेशींना शिकायलाच काही मिळत नाही. तोच प्रतिकार नंतर आला तर व्हायरस पोहोचला नाही तिथेही गाठ विरघळते. म्हणजे एकाच आकड्याचा परिणाम सुरुवातीला उणे आणि नंतर अधिक.

आधी कोणाक.

निसर्गाने मात्र क्रम आपल्या सोयीने लावलेला नाही. व्हायरस आत आला की काही तासांत इंटरफेरॉन नावाचा धोक्याचा इशारा पसरतो आणि शेजारच्या पेशी दारं लावून घेतात. कर्करोगाच्या बऱ्याच पेशींत ही इंटरफेरॉनची यंत्रणाच मोडलेली असते, म्हणून तर व्हायरस त्यांच्यात वाढू शकतो. एक-दोन दिवसांत नैसर्गिक मारक पेशी येतात. टी-पेशींना साधारण आठवडा लागतो. शिवाय बहुतेक प्रौढांच्या रक्तात या व्हायरसांविरुद्धची प्रतिपिंडं आधीपासूनच असतात, त्यामुळे शिरेतून दिलेला व्हायरस गाठीपर्यंत पोहोचण्याआधीच अडवला जाऊ शकतो. टी-व्हेक थेट गाठीत टोचतात त्यामागे हेही एक कारण. त्याचा पहिला डोस मिलिलिटरला १० लाखांचा, तीन आठवड्यांनी १० कोटींचा, मग दर दोन आठवड्यांनी तेवढाच. पहिला डोस मुद्दाम शंभरपट हलका ठेवतात, म्हणजे ज्याच्या शरीराने हा व्हायरस कधी पाहिलेला नाही त्याला आधी ओळख व्हावी आणि मोठा डोस सोसावा. व्हायरसला वाढू द्यायचं, पण बाकी शरीर राखायचं, अशी ही तारेवरची कसरत आहे.

मामाला मी यातलं काय सांगू शकले असते? बहुधा दांकोनाची गोष्ट. ती त्याला नक्की आवडली असती, आणि नंतर एकदा मी ती सांगितलीच. उंबेर्तो दांकोना हा इटालियन प्राणिशास्त्रज्ञ एड्रियाटिक समुद्राच्या मासळी बाजारांच्या नोंदी चाळत होता, त्रिएस्ते, फ्युमे, व्हेनिस इथल्या. त्याला दिसलं की पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत बाजारात येणाऱ्या मासळीत मोरी, पाकट अशा दुसरे मासे खाणाऱ्यांचं प्रमाण वाढलं होतं. फ्युमेच्या बाजारात १९१४ मध्ये ते ११.९ टक्के होतं, १९१८ मध्ये ३६.४ टक्के, आणि १९२३ पर्यंत पुन्हा १०.७ वर आलं. युद्धात मासेमारी थंडावली, हे उघड होतं. पण मग खाणारे मासेच का वाढावेत, खाल्ले जाणारे का नाही? दांकोनाने हा प्रश्न आपल्या होणाऱ्या सासऱ्यांना विचारला. ते होते रोममधले गणिती वितो वोल्तेरा. त्यांनी १९२६ मध्ये दोन समीकरणं मांडली, एक भक्ष्याचं, एक भक्षकाचं. अमेरिकेत आल्फ्रेड लोटका यांनी स्वतंत्रपणे तशीच समीकरणं १९२५ मध्ये छापली होती. त्यातून निघालेलं उत्तर असं: दोघांनाही सरसकट मारणारी गोष्ट, म्हणजे जाळं, सरासरीत भक्षकाचं नुकसान करतं आणि भक्ष्याचा फायदा. जाळं थांबलं की उलट. हेच वोल्तेरा पुढे १९३१ मध्ये फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला नाही म्हणाले आणि त्यांना प्राध्यापकपद सोडावं लागलं.

मामा मन लावून ऐकत होता. मामीच्या हातचं मोरीचं मटण ताटात होतं. त्याने बाजाराच्या नोंदी कोण ठेवायचं ते विचारलं, युद्धात होड्या पूर्ण बंद होत्या की थोड्या जात होत्या ते विचारलं. मग म्हणाला, “आमच्याकडे जून-जुलय दोन म्हयने बंदी. त्या दोन म्हयन्यात आत काय वाढता, ता कोण मोजता?” मी म्हटलं की मोजतात काही लोक, पण जे मोजतात ते बहुतेक किनाऱ्यावर उतरलेलं. पाण्यात काय उरलंय ते नाही. तो म्हणाला, ताच.

ट्यूमर आणि प्रतिकारशक्तीची बहुतेक मॉडेलं या दोन समीकरणांच्या वंशातली आहेत. गाठ भक्ष्य, प्रतिकारपेशी भक्षक. आणि वोल्तेरांचं उत्तर इथे आणलं की काटा येतो अंगावर. दोघांनाही सरसकट मारणारी गोष्ट भक्ष्याच्या पथ्यावर पडते! हे वाक्य किमोला जसंच्या तसं लावू नये. किमो कर्करोगपेशी फार मोठ्या प्रमाणात मारते, आणि मामी आज चुलीपाशी बसून आम्हाला सुनावते आहे ती त्या किमोमुळेच. दोन ओळींचं समीकरण हातात आलं म्हणून उठून कोणी असं बोलू लागलं की मला मनापासून राग येतो. पण त्या समीकरणाने एक प्रश्न विचारायला शिकवलं, तो मी सोडू शकत नाही: हे औषध दोन्ही बाजूंना किती किती मारतं, आणि कधी?

मामीची फाइल मीच लावत असे. प्लॅस्टिकच्या निळ्या पिशवीत रिपोर्ट, बिलं, रेल्वेची सवलतीची कागदपत्रं, आणि किमोच्या दर सायकलचा, म्हणजे फेरीचा, एक कागद. त्यावर दोन औषधांची नावं. एक लालभडक, ज्याला वॉर्डात सगळे ‘लाल औषध’च म्हणतात. ते दिल्यावर लघवीला लाल होते, घाबरू नका, असं नर्स आधीच सांगून ठेवायची. दुसरं पाण्यासारखं स्वच्छ, सायक्लोफॉस्फमाइड. नर्स मामीच्या हाताच्या पाठीवर टिचक्या मारत शीर शोधायची. शीर मिळेनाशी झाली होती, टोचून टोचून हात निळा-पिवळा पडला होता, आणि मामी दुसरीकडे बघत काहीतरी पुटपुटत बसायची. त्याच दिवसांत, त्याच वॉर्डाबाहेरच्या बाकावर, मी वाचायला घेतलेल्या शोधनिबंधात हे नाव पुन्हा समोर आलं. आव्हनर फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००६ चा निबंध, मेंदूतल्या ग्लायोमा गाठीवरचा. व्हायरस टोचल्यावर नैसर्गिक प्रतिकारपेशी धावून येतात आणि त्याला संपवतात. म्हणून आधी सायक्लोफॉस्फमाइड देऊन त्यांना थोडा वेळ खाली बसवायचं, तेवढ्यात व्हायरसला पसरू द्यायचं. उंदरांवरच्या प्रयोगांत तसं दिसलं होतं, आणि हे लोक त्याचं गणित करत होते.

मामीच्या कागदावर जे दुष्परिणाम म्हणून छापलं होतं, ज्यासाठी थर्मामीटर देवाच्या फळीवर होता, तेच इथे हेतू म्हणून लिहिलेलं होतं. पांढऱ्या पेशी खाली आणणं. मी निबंध मिटून ठेवला. गणित पटत होतं, त्याबद्दल प्रश्न नव्हता. पण आत मामीला थंडी वाजत होती, आणि ‘प्रतिकारपेशींची घट’ हे चिन्ह मला त्या क्षणी कागदावर बघवेना.

नंतर तो निबंध मी नीट वाचला, आणि आज मला तो या विषयातल्या सर्वांत प्रामाणिक निबंधांपैकी एक वाटतो. कारण त्यांनी असं म्हटलं नाही की प्रतिकार दाबला की झालं काम. त्यांच्या हिशेबात वारंवार दिलेल्या सायक्लोफॉस्फमाइडने गाठीतल्या लागण न झालेल्या पेशी कमी राहतात, पण गाठ ४ मिलिमीटरवरून १ मिलिमीटरवर आणायची तर एका पेशीतून बाहेर पडणाऱ्या व्हायरसची संख्या त्या वेळी उपलब्ध होती त्याच्या तिप्पट लागेल. म्हणजे प्रयोगशाळेला एक दिशा मिळाली: नुसतं प्रतिकार दाबत बसू नका, व्हायरस सुधारा. मॉडेलकडून मी अपेक्षा करते ती एवढ्याचीच. कुठला आकडा हलवला तर फरक पडेल, कुठला हलवून उपयोग नाही, कशाआधी काय. ‘या रुग्णाची गाठ अमुक दिवशी अमुक इतकी होईल’ अशी एक सरळ रेघ काढून कोणी दाखवली तर मी ती मानत नाही, ती रेघ माझ्या स्वतःच्या संगणकातून निघाली असली तरी.

यालाही जुनं कारण आहे, आणि ते आपल्या मुंबईचं आहे. साथीच्या गणिताचा पाया ज्या निबंधाने घातला तो १९२७ चा, केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केलं. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ, १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. लागण न झालेले, झालेले, बरे झालेले किंवा गेलेले, अशी माणसांची विभागणी त्यांनी केली. गाठीतल्या पेशींची आम्ही जी विभागणी करतो ती याच घराण्यातली. आणि हे सूत्र पडताळायला त्यांनी घेतली मुंबईच्या प्लेगची आकडेवारी, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६, दर आठवड्याला गेलेल्या माणसांची. निबंधात ती टिंबं आहेत आणि टिंबांवरून जाणारा एक सुरेख वक्र आहे, चढून उतरलेला. मी तो वक्र विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवते. प्लेगच्या त्या वर्षांत गिरण्या सोडून मुंबईहून बोटीने कोकणात पळून आलेल्यांच्या गोष्टी आमच्या घरात पणजीपासून चालत आल्या आहेत, त्यामुळे टिंबं मांडताना हात जरा जड होतोच. एक टिंब म्हणजे एका आठवड्यात गेलेली माणसं, साथीच्या शिखरावर शेकडो.

पण मला त्या निबंधातली जास्त मोलाची वाटते ती वक्राखालची कबुली. त्यांनी तिथेच लिहिलं आहे की माणसातला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे असं आम्ही धरलं आहे, आणि उंदरांबद्दलची आमची गृहीतकं तंतोतंत खरी नाहीत, त्यामुळे हा वक्र म्हणजे फार तर ढोबळ अंदाज. वक्र टिंबांवर इतका चपखल बसला असतानाही लिहिलं! टिंबं माणसांची होती, उंदरांची नव्हती. वक्र बरोबर बसला म्हणजे कारण बरोबर सापडलं असं नव्हे, हे त्यांना ठाऊक होतं, आणि आपल्या विषयात ते वारंवार विसरलं जातं.

आमच्या गाठीतले उंदीर म्हणजे आतल्या प्रतिकारपेशी. गाठीचा आकार स्कॅनवर मोजता येतो, बाहेरून पट्टीने मोजता येतो. आत त्या दिवशी किती मारक पेशी आल्या, किती टी-पेशी आल्या पण थकून नुसत्या बसून राहिल्या, हे बाहेरून दिसत नाही. आणि मग अडचण अशी होते: जोरदार व्हायरस आणि जोरदार प्रतिकार, किंवा मवाळ व्हायरस आणि मवाळ प्रतिकार, दोन्हींतून गाठीच्या आकाराचा सुरुवातीचा वक्र जवळजवळ एकच निघतो. मोजमापं दोन्हींवर सारखीच बसतात. पुढे मात्र एक गाठ विरते आणि एक परत येते. नेमकं जे जाणून घ्यायचं तेच हातातून निसटतं.

माणसांवरच्या चाचण्यांतही हे दिसलं आहे. टी-व्हेकच्या ४३६ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकलेला प्रतिसाद १६.३ टक्के रुग्णांत मिळाला, तुलनेच्या गटात २.१ टक्के. काहींच्या न टोचलेल्या गाठीही लहान झाल्या, म्हणजे टी-पेशी शिकल्या होत्या. मग वाटलं की टी-पेशींचे ब्रेक काढणारं औषध जोडीला दिलं तर? २०१७ मध्ये २१ रुग्णांच्या लहान चाचणीत ६२ टक्क्यांना प्रतिसाद मिळाला. तो निबंध आला तेव्हा आमच्या गटात आम्ही खरोखर टाळ्या वाजवल्या होत्या. २०२३ मध्ये जवळपास ७०० रुग्णांच्या चाचणीचा निकाल छापून आला आणि ही जोडी ब्रेक काढणाऱ्या एकट्या औषधापेक्षा ठळकपणे सरस ठरली नाही. त्या २१ जणांत जे दिसलं ते खोटं नव्हतं. त्यांच्यासाठी ते खरंच होतं. पण कोणाच्या शरीरात क्रम जुळतो आणि कोणाच्या नाही, हे आधी ओळखायचं कसं, त्याला अजून उत्तर नाही. मामाचा प्रश्न सातशे माणसांतल्या प्रत्येकासाठी वेगवेगळा विचारायला हवा.

मामीला हे आकडे सांगितले तेव्हा तिने फक्त विचारलं की जे १६ होते त्यांना आधी कळलं होतं का. मी म्हटलं नाही. ती बराच वेळ कोथिंबीर निवडत राहिली. तिचं असं आहे की ती आकड्यांपुढे दबून जात नाही आणि त्यांना झिडकारतही नाही, त्यातलं माणूस शोधते. किमो चालू असताना शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिने विचारलं होतं, तुमची कितवी, आणि पुढे ती बाई दिसली नाही तेव्हा तिची सायकल मामी मनात मोजत राहिली.

सध्या मी ज्या कामावर आहे ते ऐकायला अगदी कोरडं आहे. ते दोन एकसारखे दिसणारे वक्र वेगळे ओळखायचे तर कुठल्या दिवशी काय मोजावं, एवढाच प्रश्न. उंदरांवरच्या प्रयोगांत गाठीच्या आतलं एक मोजमाप म्हणजे बहुतेकदा एका उंदराचा जीव. माणसात म्हणजे गाठीत सुई घालून काढलेला तुकडा. मॉडेल बनवणारी माणसं प्रयोगवाल्यांकडे सहज म्हणून जातात, आणखी काही नमुने द्या, रोज एक दिलात तर फारच छान. मीही या मागण्या ऐकल्या आहेत, आणि त्या ऐकताना मला प्रत्येक वेळी हाताच्या पाठीवर टिचक्या मारणारी नर्स आठवते. कागदावरचं एक टिंब वाढतं तेव्हा कोणाच्या तरी अंगात एक सुई जास्त जाते. हे आमच्या समीकरणात कुठेही लिहिलेलं नसतं, पण मला ते लिहायला हवं असं वाटतं: प्रत्येक मोजमापाची किंमत, आणि ती किंमत कमीत कमी ठेवून जास्तीत जास्त कळेल असा दिवस.

माझ्या आतापर्यंतच्या हिशेबात तो दिवस फार लवकरचा निघतो, गाठीच्या आकारात काहीच बदल दिसत नसतो तेव्हाचा. दोन्ही वक्र अजून एकावर एक पडलेले असतात, पण आत गाठीतला व्हायरस आणि मारक पेशी यांचं प्रमाण दोन्हींत कितीतरी वेगळं असतं. नंतर, गाठ दिसायला लहान-मोठी होऊ लागते आणि सगळ्यांना तुकडा काढावासा वाटतो तोपर्यंत, ते प्रमाण पुन्हा जवळ येतं आणि सुईला फारसं काही सांगण्यासारखं उरत नाही. हे उंदरांच्या आकड्यांवरचं आहे, माणसात वेळा बदलतील, आणि प्रयोगशाळेतले सहकारी अजून मान डोलवायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं असं की इतक्या लवकर गाठीच्या एका टोकाचा तुकडा घेतला तर दुसऱ्या टोकाचं काय. रास्त आहे. म्हणून आता मी चार ओळींच्या मॉडेलला गाठीचा आकार आणि अंतर जोडते आहे, मग पुन्हा दिवस शोधायचा. चार सुयांच्या जागी एक पुरेल का, आणि ती कधी व कुठे, हे गणिताने सांगितलं पाहिजे. तेवढं जमल्याशिवाय मी कोणाकडे जास्तीचा नमुना मागणार नाही.